सेवेला शिक्षणाची जोड देणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल

बारावीचा निकाल लागला की आपल्या अनेक घरांत एक ठरलेली चर्चा होते. मुलीला विज्ञानात बरे गुण असतात, नीटचा स्कोअर थोडक्यात हुकलेला असतो आणि खासगी कॉलेजची फी झेपणारी नसते. मग मुलगीच एखाद्या रात्री जेवताना हळूच सांगते, की तिला नर्सिंग करायचंय. अब्बा गप्प होतात. अम्मीला रात्रपाळीची धास्ती वाटते. फुफी आणि खाला आपापलं मत देऊन जातात. परक्या पुरुषांची सेवा करावी लागेल, हॉस्टेलमध्ये राहावं लागेल, उद्या स्थळ पाहताना लोक काय म्हणतील, असे प्रश्न एकामागून एक येतात.

हेच प्रश्न १८४५ मध्ये इंग्लंडमधल्या एका गडगंज श्रीमंत घरातही विचारले गेले होते. तिथली मुलगी पंचवीस वर्षांची होती. नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल. आज तिच्या जन्मदिवशी, १२ मे रोजी, जगभर परिचारिका दिन साजरा होतो. पण हा मान तिच्या वाट्याला यायच्या आधी घरच्यांच्या नकाराशी तिला वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

जखमींची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया आपल्या इतिहासाला नव्या नाहीत. मदीनेत मस्जिदे नबवीच्या आवारात हजरत रुफैदा अस्लमिया (रजि.) यांचा तंबू होता. खंदकच्या लढाईत जखमी झालेले हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना प्रेषित (स.) यांच्या सांगण्यावरून त्याच तंबूत ठेवलं होतं, हे सीरतच्या पुस्तकांत आपण वाचलेलं असतं. फ्लॉरेन्सची गोष्ट त्यानंतर सव्वाबाराशे वर्षांनी घडते. शुश्रूषा हा शिकून घ्यायचा पेशा कसा झाला, त्यासाठी शाळा, वसतिगृह आणि पगार कसा आला, हे तिच्या आयुष्यातून समजतं.

घरात सगळं होतं, परवानगी नव्हती

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. आईवडील तेव्हा युरोपच्या लांबलचक प्रवासावर होते. शहराचंच नाव मुलीला ठेवलं. थोरली बहीण पार्थेनोपी नेपल्सला जन्मली होती, म्हणून तिला त्या शहराचं जुनं ग्रीक नाव मिळालं होतं.

वडील विल्यम नाइटिंगेल हौशी विद्वान होते. मुलगे नव्हते, तेव्हा त्यांनी मुलींनाच घरी शिकवलं. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन, इतिहास, तत्त्वज्ञान असं बरंच काही. फ्लॉरेन्सला गणिताची ओढ होती. आकड्यांचे तक्ते वाचण्यात तिला तासन्‌तास करमायचं. ही आवड पुढे हजारो लोकांचे जीव वाचवण्याच्या कामी आली.

सोळा वर्षांची असताना तिला मनोमन जाणवलं की ईश्वराने आपल्याला कुठल्यातरी सेवेसाठी बोलावलंय. कुठली सेवा, हे कळायला काही वर्षं गेली. गावातल्या गरीब घरांत आजाऱ्यांपाशी बसता बसता तिला दोन गोष्टी समजल्या. हे काम आपल्याला आवडतं, आणि आपल्याला ते येत नाही. रुग्णाच्या उशाशी बसून हळहळणं वेगळं आणि त्याची जखम नीट बांधता येणं वेगळं.

म्हणून १८४५ मध्ये तिने घरात विषय काढला. जवळच सॅलिसबरीला रुग्णालय होतं आणि तिथले डॉक्टर ओळखीचे होते. तिथे तीन महिने राहून काम शिकायचा तिचा बेत होता. घरात आकांत झाला. आई संतापली, बहिणीला भोवळ यायची वेळ आली.

आईची बाजूही समजून घ्यायला हवी. त्या काळची इंग्लंडमधली रुग्णालयं म्हणजे कोंदट आणि घाणेरडी जागा. पैसेवाल्यांवर घरीच उपचार व्हायचे आणि तिथे जायचे ते गरीब. नर्स म्हणून काम करणाऱ्या बायकांना कसलंही शिक्षण नसायचं, पगार नाममात्र, झोपायला वेगळी खोली नाही. दारू आणि गैरवर्तनाचे किस्से गावभर झालेले असायचे. अशा ठिकाणी आपली मुलगी पाठवायला कोणती आई तयार होईल? आईची भीती खोटी नव्हती. ती भीती वाटण्याचं कारणच संपवायचं काम पुढे मुलीने केलं.

नकार मिळाल्यावर फ्लॉरेन्स घर सोडून गेली नाही आणि स्वस्थही बसली नाही. उजाडण्याआधी उठून दिव्याच्या उजेडात ती सरकारी आरोग्य अहवाल वाचायची. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनीतल्या रुग्णालयांची माहिती मागवायची, वहीत टिपणं काढायची. मग न्याहारीच्या वेळी खाली येऊन दिवसभर घरातली लाडकी लेक म्हणून वावरायची. कवी आणि खासदार असलेल्या रिचर्ड मॉन्क्टन मिल्न्स यांनी बरीच वर्षं तिच्या होकाराची वाट पाहिली. माणूस तिला आवडत होता, तरी १८४९ मध्ये तिने नकार दिला. त्या काळच्या श्रीमंत घरातल्या गृहिणीला असं काम करणं शक्य नाही, हे तिला दिसत होतं.

राइनकाठचे तीन महिने

जर्मनीत राइन नदीच्या काठी कैसरस्वर्थ नावाचं गाव होतं. तिथे पास्टर फ्लीडनर यांनी १८३६ मध्ये एक संस्था सुरू केली होती. साध्या घरांतल्या मुली तिथे राहून आजाऱ्यांची शुश्रूषा शिकत. १८५० मध्ये इजिप्त आणि ग्रीसच्या प्रवासाहून परतताना फ्लॉरेन्स तिथे दोन आठवडे राहिली. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली आणि तीन महिने राहून शिकली. आई आणि बहीण त्या वेळी कार्ल्सबादला औषधी पाण्याच्या उपचारासाठी थांबल्या होत्या. मुलगी नेमकी कुठे आहे हे लोकांना कळू नये, असा त्यांचा आग्रह होता.

नोकरचाकरांच्या घरात वाढलेली एकतीस वर्षांची ही बाई तिथे पहाटे पाचला उठायची. जेवण अगदी साधं, तेही दहा मिनिटांत उरकायचं. अनाथ मुलांची देखभाल, औषधं देणं, जखमा धुणं, शस्त्रक्रियेच्या वेळी हजर राहणं, सगळी कामं तिने केली. तिथे ती खूश होती. मात्र संस्थेतली माणसं कितीही निष्ठेची असली तरी स्वच्छता आणि शुश्रूषेचं तंत्र कच्चं होतं, हे तिने पुढे स्पष्टपणे नोंदवलं. निष्ठा आणि तंत्र या दोन गोष्टी तिने आयुष्यभर वेगवेगळ्या मोजल्या.

१८५३ मध्ये तिला लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर आजारी स्त्रियांच्या एका छोट्या रुग्णालयाची प्रमुख होण्याची संधी मिळाली. पगार नव्हता. वडिलांनी वर्षाला ५०० पौंड लावून दिले, तेव्हा कुठे तिला स्वतःच्या पायावर उभं राहता आलं. घरातला एक माणूस पाठीशी राहिला की किती फरक पडतो, ते इथे दिसतं.

तिथे तिने प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचे नळ घेतले. जेवण वर न्यायला यांत्रिक पाळणा बसवला. रुग्णाने वाजवलेली घंटा नर्सला लगेच कळेल अशी सोय केली, म्हणजे नर्सची जिन्यावरची दमछाक वाचून तिचा वेळ रुग्णापाशी जाईल. कमिटीला फक्त एका चर्चचे रुग्ण हवे होते. फ्लॉरेन्सने अट घातली की कुठल्याही धर्माच्या बाईला दाखल करून घेतलं जाईल आणि तिच्या धर्माच्या माणसाला तिला भेटायला येऊ दिलं जाईल. ही अट तिने लेखी घेतली आणि त्यात मुफ्तींचाही उल्लेख होता.

उस्कुदारच्या बराकी

१८५४ मध्ये रशियाविरुद्ध उस्मानी तुर्क, ब्रिटन आणि फ्रान्स एकत्र लढत होते. हेच क्रिमियाचं युद्ध. जखमी ब्रिटिश सैनिकांना काळा समुद्र ओलांडून इस्तंबूलसमोरच्या उस्कुदारला आणलं जायचं. इंग्रज त्याला स्कुतारी म्हणायचे. तिथल्या सलीमिये बराकी तुर्कांनी ब्रिटिशांना रुग्णालयासाठी दिल्या होत्या. सैनिकांचे हाल लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले आणि देशभर गदारोळ झाला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट फ्लॉरेन्सचे स्नेही होते. त्यांनी तिला जायची विनंती केली. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ती ३८ परिचारिकांसह निघाली आणि ४ नोव्हेंबरला पोहोचली.

तिथे काय होतं? लांबच लांब दालनांत जमिनीवर पडलेले जखमी, तुंबलेली गटारं, उंदीर, उवा. पट्ट्या नाहीत, कपडे नाहीत, धड जेवण नाही. लष्करी डॉक्टरांना या बायका नकोच होत्या. फ्लॉरेन्सने भांडण केलं नाही. डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय एकीनेही रुग्णाला हात लावायचा नाही, असा नियम तिने केला. त्या दिवसांत परिचारिका उशा आणि पट्ट्या शिवत बसल्या. लवकरच जखमींची जहाजांमागून जहाजं आली आणि डॉक्टरांना बोलवावंच लागलं.

तिने एक घर भाड्याने घेऊन कपडे उकळून धुवायची सोय केली आणि सैनिकांच्या बायकांना तिथे काम दिलं. पथ्याचं जेवण वेगळं शिजवायला सुरुवात झाली. सैनिकांचा पगार दारूत जाऊ नये म्हणून तो घरी पाठवायची व्यवस्था लावली, वाचनाच्या खोल्या उघडल्या. रात्री आठनंतर परिचारिकांना वॉर्डात थांबायची परवानगी नव्हती. मग ती स्वतःच फेरी मारायची, हातात दिवा घेऊन.

तो दिवा पुस्तकांतल्या चित्रांत अलादीनच्या चिरागासारखा दाखवतात. तसा तो नव्हता. तो तुर्की फानूस होता, घडी घालता येणारा, आत मेणबत्ती असलेला कंदील. ही दिव्याची प्रतिमा वर्तमानपत्रांतून इंग्लंडभर गेली आणि १८५७ मध्ये अमेरिकन कवी लाँगफेलो यांच्या कवितेने ती अमर झाली. सुलतान अब्दुलमजीद यांनीही तिच्या कामाची कदर म्हणून तिला हिऱ्यांचं कंकण भेट दिलं.

आकड्यांनी सांगितलेलं कडू सत्य

एवढ्यावर थांबलो तर गोष्ट गोड होते, पण अर्धीच राहते. फ्लॉरेन्स आल्यावर पहिल्या हिवाळ्यात उस्कुदारमधले मृत्यू कमी झाले नाहीत, उलट वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल झालेल्या दर १०० रुग्णांमागे सुमारे ४२ दगावत होते. मार्चमध्ये लंडनहून आरोग्य आयोग आला. त्याने गटारं उपसली, पाण्याची वाट साफ केली, दालनांत हवा खेळती केली. जूनपर्यंत हेच प्रमाण शंभरात दोनवर आलं.

युद्ध संपल्यावर १८५६ मध्ये फ्लॉरेन्स सत्कार टाळून खोट्या नावाने घरी परतली. मग संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने तिने सगळे आकडे तपासले. बहुतेक सैनिक गोळीने मेलेच नव्हते, रोगाने मेले होते. आणि त्यातही तिचं स्वतःचं रुग्णालय सगळ्यांत वाईट ठरलं होतं. ती आणि तिच्या परिचारिका जीव तोडून सेवा करत असताना खालच्या गटारांतली घाण माणसं मारत होती, आणि हे त्या वेळी तिच्या लक्षात आलं नव्हतं.

लोक तिला देवदूत म्हणत होते. तिला हे झाकून ठेवणं सहज जमलं असतं. तिने तसं केलं नाही. आकडे तिने अहवालात मांडले, मंत्र्यांना पटकन कळावेत म्हणून रंगीत पाकळ्यांसारख्या आकृत्या काढल्या. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सदस्य करून घेतलं. असा मान मिळालेली ती पहिली स्त्री. प्रेमाने आणि कष्टाने केलेली सेवासुद्धा अज्ञान असेल तर रुग्णाला वाचवू शकत नाही, हा धडा तिने स्वतःच्या चुकीतून घेतला. तिच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ या धड्यात आहे.

सेंट थॉमसमधली शाळा

युद्ध चालू असतानाच लोकांनी तिच्या नावाने निधी गोळा केला होता. सुमारे ४५ हजार पौंड जमले. त्यातून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. क्रिमियात जडलेल्या तापाने फ्लॉरेन्सची तब्येत कायमची ढासळली होती, त्यामुळे ती स्वतः शिकवायला नव्हती. खोलीत बसून तिने आराखडा केला आणि रोजचा कारभार मेट्रन सारा वॉर्ड्रोपर यांनी सांभाळला.

पहिल्या तुकडीत जेमतेम पंधरा मुली होत्या. वयाची अट साधारण २५ ते ३५ आणि चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवा. शिक्षण एक वर्षाचं. राहणं, जेवण, गणवेश शाळेकडून आणि वर वर्षाला १० पौंड हातखर्च. प्रत्येकीला झोपायला स्वतंत्र खोली होती. वॉर्डात प्रत्यक्ष काम, डॉक्टरांची व्याख्यानं, रोजची डायरी लिहिणं, असा क्रम. मेट्रन दर महिन्याला प्रत्येक मुलीची नोंद ठेवायच्या. त्यात वेळ पाळणं, प्रामाणिकपणा आणि स्वच्छता होती, तसंच जखम बांधणं, रुग्णाला न दुखवता कूस बदलायला मदत करणं आणि त्याच्या प्रकृतीतले बारीक बदल ओळखणं हेही होतं.

आईने १८४५ मध्ये घेतलेल्या आक्षेपांची उत्तरं या आराखड्यात एकेक करून सापडतात. सुरक्षित वसतिगृह, वडीलधारी देखरेख, चोख वर्तणूक आणि हातात एक कौशल्य. त्यामुळे हळूहळू चांगल्या घरांतल्या आईबापांचा विश्वास बसला.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. काही मुली मध्येच सोडून गेल्या, काहींना काढावं लागलं. १८७२ च्या सुमारास फ्लॉरेन्सने बारकाईने पाहिलं तेव्हा व्याख्यानं नीट होत नव्हती आणि शिकाऊ मुलींकडून नुसतं काम करून घेतलं जात होतं. मग ती मुलींच्या डायऱ्या मागवून वाचू लागली, एकेकीला घरी बोलावून विचारपूस करू लागली, दरवर्षी त्यांना उद्देशून पत्र लिहू लागली. तिथे शिकलेल्या परिचारिका लिव्हरपूल आणि सिडनीपर्यंत गेल्या आणि तिथे त्यांनी ही पद्धत रुजवली.

शुश्रूषेवरचं तिचं छोटं पुस्तक त्याच सुमारास आलं. ते घरातल्या सामान्य बायकांसाठी होतं. ताजी हवा, उजेड, स्वच्छ पाणी, शांतता, वेळेवर आहार, एवढंच त्यात समजावलंय. रुग्णाच्या दाराबाहेर कुजबुजणारे आणि उशाशी बसून फुकटचे सल्ले देणारे पाहुणे रुग्णाला किती थकवतात, यावर तिने खास लिहिलंय. इयादतीला एका वेळी दहा जणांनी जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते जरूर वाचावं.

तिच्या सगळ्याच गोष्टी बरोबर ठरल्या नाहीत. परिचारिकांची परीक्षा घेऊन सरकारी नोंदणी करावी, या मागणीला तिने कडाडून विरोध केला. चांगली नर्स कागदावर ओळखता येत नाही, असं तिला वाटायचं. काळाने नोंदणीच्या बाजूने कौल दिला.

न पाहिलेला हिंदुस्थान

फ्लॉरेन्स हिंदुस्थानात कधीच आली नाही, पण आयुष्याची अनेक वर्षं तिने इथल्या आरोग्यावर घालवली. इथल्या लष्करी छावण्यांना तिने प्रश्नावल्या पाठवल्या. १८६३ च्या अहवालात दिसलं की इथे ब्रिटिश सैनिकांपैकी दर हजारी ६९ जण वर्षाला मरत होते. नंतर तिचं लक्ष सैनिकांकडून खेड्यांकडे वळलं. दुष्काळ, पाणी, गावाची स्वच्छता यांवर ती लिहीत राहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला तिने प्रस्तावना लिहिली.

१९०७ मध्ये तिला ऑर्डर ऑफ मेरिट हा ब्रिटनचा मोठा सन्मान मिळाला. हा सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी तिचं निधन झालं. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करायचा प्रस्ताव तिच्या इच्छेनुसार नातेवाइकांनी नाकारला. गावच्या कब्रस्तानातल्या तिच्या दगडावर पूर्ण नावही नाही, फक्त आद्याक्षरं आणि जन्म-मृत्यूची नोंद आहे.

आपल्या घरातल्या मुलीसाठी

आज नर्सिंगला जाणाऱ्या मुलीला फ्लॉरेन्ससारखं चोरून शिकावं लागत नाही. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं असतं. बी.एस्सी.साठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं आणि महाराष्ट्रात सीईटी द्यावी लागते. जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंगचा मार्ग मुलग्यांनाही खुला आहे.

फी भरण्याआधी कॉलेजला भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, ते तपासा. मान्यता नसेल तर पुढे नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय नोकरी नाही. मुली प्रत्यक्ष शिकायला कुठल्या रुग्णालयात जातात आणि तिथे पुरेसे रुग्ण असतात का, हेही विचारा. नुसत्या वर्गात बसून नर्स तयार होत नाही.

रात्रपाळीची आणि हॉस्टेलची काळजी वाटत असेल तर ती मनात ठेवू नका. मुलीला सोबत घेऊन कॉलेजला जा. हॉस्टेल पाहा, वॉर्डनला भेटा, रात्री मुलींना नेण्या-आणण्याची काय सोय आहे ते विचारा. शिकत असलेल्या मुलींशी अम्मीला निवांत बोलू द्या. मग घरी येऊन काय ते ठरवा, आणि ठरवताना मुलीलाही समोर बसवा.